गवंड्याचा मुलगा, दोन कॉलियर करंडक

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या शादीखान्यांत गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, गुलपोशी, मानपत्र, फोटो. मुलाला आनंद होतो, आईवडिलांचे डोळे भरून येतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण मोठे झाल्यावर, नोकरी-धंद्यात नाव काढल्यावर माणसाला जे मानसन्मान मिळतात, ते नेमके कशाचे असतात? त्याच्या हुनराचे, त्याच्या खुर्चीचे, की त्याच्या कंपनीच्या नफ्याचे? आणि ज्या कामाबद्दल पदक मिळाले त्याच कामात पुढे माणसे दगावली, तर त्या पदकाचे काय करायचे?

हे प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात इतके ठळकपणे दिसतात की त्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावीशी वाटली. क्लॅरेन्स लिओनार्ड जॉन्सन हे त्यांचे नाव. जग त्यांना केली जॉन्सन म्हणून ओळखते. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीत त्यांनी १९३३ पासून १९७५ पर्यंत काम केले. विसाव्या शतकात विमानाचा आराखडा काढणारे जे मोजके लोक होऊन गेले, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतात.

मिशिगन राज्यात उत्तरेला इश्पेमिंग नावाचे लोखंडाच्या खाणींचे छोटे गाव आहे. तिथे २७ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडील स्वीडनमधून पोट भरायला आलेले. वडील गवंडीकाम करीत. नऊ भावंडांत हे सातवे. घरात पैसा नव्हता, पण गावात एक चांगले वाचनालय होते आणि या मुलाला वाचनाचे वेड होते. त्या काळी अमेरिकेत टॉम स्विफ्ट नावाच्या एका कल्पक पोराच्या साहसांची पुस्तके फार चालत. ती वाचून बाराव्या वर्षी याने ठरवून टाकले की आपण विमाने बनवायची. तेराव्या वर्षी विमानाच्या एका आराखड्याबद्दल पहिले बक्षीसही मिळवले.

शाळेत क्लॅरेन्स या नावावरून पोरे चिडवत. ‘क्लॅरा’ म्हणत, म्हणजे मुलीचे नाव. एक दिवस रांगेत उभे असताना पुन्हा तेच झाले. याने चिडवणाऱ्या पोराला असे पाडले की त्याचा पाय मोडला. त्या दिवसापासून पोरांनी एका लोकप्रिय गाण्यातले केली हे आयरिश नाव त्याला लावून दिले. स्वीडिश घरातला मुलगा जन्मभर आयरिश नावाने वावरला. (पाय मोडल्याचे कौतुक करावे असे नाही. पण हा तापट स्वभाव पुढे त्यांच्या हाताखालच्या शेकडो इंजिनिअरांनी भोगला, म्हणून सांगितले.)

कॉलेजचा खर्च भागवायला त्यांनी घरबांधणीच्या कामावर भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या. मिशिगन विद्यापीठात एक वातबोगदा होता. वातबोगदा म्हणजे जिथे विमानाच्या लहान नमुन्यावर जोराचा वारा सोडून त्याचे गुणदोष तपासतात ती जागा. विद्यापीठाच्या कामात नसेल तेव्हा तो भाड्याने मिळे. जॉन्सन आणि त्यांच्या एका मित्राने तो भाड्याने घेतला आणि स्टुडबेकर या मोटार कंपनीची कामे मिळवून गाड्यांचे आकार तपासून दिले. शिकता शिकता धंदाही झाला. इंजिनिअर आणि व्यापारी या दोन्ही गोष्टी त्यांच्यात तेव्हापासून एकत्र होत्या.

१९३२ मध्ये पदवी घेऊन ते कॅलिफोर्नियाला लॉकहीडच्या दारात गेले. जागा नव्हती. परत जा, आणखी शिका, पुढच्या वर्षी या, असे सांगण्यात आले. त्यांनी तेच केले. १९३३ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन परत आले आणि महिना ८३ डॉलरवर हत्यारांचे आराखडे काढण्याची नोकरी मिळाली.

आता पुढचा प्रसंग पहिल्या नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाने-मुलीने ऐकावा असा आहे. कंपनी तेव्हा इलेक्ट्रा नावाचे नवे विमान काढत होती. बुडत्या कंपनीची सारी आशा त्यावर. त्याच्या नमुन्याची तपासणी मिशिगनच्याच वातबोगद्यात झाली होती आणि जॉन्सन यांच्या प्राध्यापकांनी ती पास केली होती. हा तेवीस वर्षांचा पोरगा नोकरीला लागल्याबरोबर सांगू लागला की अहवाल चुकीचा आहे आणि हे विमान हवेत स्थिर राहणार नाही. मुख्य अभियंता हॉल हिबार्ड यांनी त्याला घरी पाठवले नाही. विमानाचा नमुना त्याच्या मोटारीत टाकला आणि म्हणाले, जा मिशिगनला, उत्तर शोधून ये. बहात्तर वेळा तपासणी फसली. त्र्याहत्तराव्या वेळी उत्तर सापडले. एका शेपटीऐवजी दोन उभ्या शेपट्या द्यायच्या. अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि परत आल्या नाहीत, ते विमान याच इलेक्ट्राचे एक रूप होते. थोड्या इंधनात लांब कसे जायचे याचे हिशेब त्यांना आधी जॉन्सन यांनीच करून दिले होते.

हे श्रेय जॉन्सन यांचे, पण हिबार्ड यांचेही आहे. नव्या पोराने वरिष्ठांची चूक दाखवली की आपल्याकडे काय होते ते आपल्याला माहीत आहे.

मुंबईच्या आकाशात

जॉन्सन यांच्या हातचे एक विमान मुंबईकरांनी फार जवळून पाहिले आहे. हॉवर्ड ह्यूज यांच्या टीडब्ल्यूए कंपनीसाठी लॉकहीडने चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान तयार केले, ते ९ जानेवारी १९४३ रोजी पहिल्यांदा उडाले. आतल्या हवेचा दाब राखणारी केबिन, डॉल्फिन माशासारखे वळण घेतलेले अंग आणि मागे तीन शेपट्या. एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली परदेशी फेरी ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेली ती याच जातीच्या विमानाने. त्याचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’. १९५० च्या नोव्हेंबरात हेच विमान आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ माणसे गेली. तरीही कॉन्स्टेलेशनने आपल्या लोकांना बोटीच्या लांबलचक प्रवासातून सोडवले, हे खरेच.

ताडपत्रीखालचा कारखाना

१९४३ मध्ये युद्ध चालू होते. जर्मनी जेट विमाने काढते आहे अशी बातमी होती आणि अमेरिकेला तातडीने जेट हवे होते. जॉन्सन म्हणाले, १८० दिवसांत देतो. कंपनीच्या मोठ्या कारखान्यात जागा नव्हती, म्हणून त्यांनी मोजके इंजिनिअर आणि कारागीर निवडले, जुनी खोकी वापरून भिंती केल्या, वर सर्कशीचा भाड्याचा तंबू टाकला. शेजारी प्लास्टिकचा कारखाना होता, त्याचा भयंकर वास येई. त्यावरून एका इंजिनिअरने फोन उचलताना गमतीने एका चित्रकथेतल्या दुर्गंधी भट्टीचे नाव घेतले आणि तेच पुढे ‘स्कंक वर्क्स’ म्हणून चिकटले. स्कंक म्हणजे घाण वास सोडणारा एक प्राणी. विमान १४३ दिवसांत तयार झाले आणि ८ जानेवारी १९४४ रोजी उडाले.

या छोट्या कारखान्याची शिस्त हाच जॉन्सन यांचा खरा शोध, असे मला वाटते. त्यांनी चौदा नियम लिहून काढले. माणसे अगदी कमी ठेवायची. आराखडा काढणारा आणि पत्रा कापणारा यांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसायचे. अहवाल थोडे, पण जे महत्त्वाचे ते नीट लिहून ठेवायचे. पैशाचा हिशेब दर महिन्याला, खर्च झालेलाही आणि पुढे होणाराही. आणि शेवटचा, चौदावा नियम असा की चांगल्या कामाचा मोबदला हाताखाली किती माणसे आहेत त्यावर ठरवायचा नाही. आपल्या कचेऱ्यांत, संस्थांत, ट्रस्टांत मोठेपणा कशावर मोजतात ते आठवून हा नियम पुन्हा वाचावा. माणूस काम किती चांगले करतो यापेक्षा त्याच्या केबिनबाहेर किती लोक बसतात यावर पगार आणि मान ठरू लागला की हुशार कारागीरही कारागिरी सोडून साहेब होण्याच्या मागे लागतो.

जॉन्सन यांनी हा नियम स्वतःला लावला. १९५२ मध्ये ते मुख्य अभियंता झाले, पुढे उपाध्यक्ष, १९६४ मध्ये संचालक मंडळावर. कंपनीचे अध्यक्षपद त्यांना तीन वेळा देऊ केले गेले. तीनही वेळा त्यांनी नाही म्हटले. अध्यक्ष झालो तर आराखड्याच्या टेबलापासून उठावे लागेल, हे कारण. असा नकार कोणत्याही पदकाच्या यादीत नोंदवला जात नाही.

घरी आलेला चेक

पैशाच्या बाबतीतली त्यांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने, म्हणजे सीआयएने, सोव्हिएत रशियावरून सत्तर हजार फुटांवरून उडून छायाचित्रे घेणारे विमान त्यांच्याकडे मागितले. हेच यू-२. काम इतके गुप्त की कंपनीच्या नेहमीच्या खात्यांतून पैसा फिरवणेही धोक्याचे. म्हणून फेब्रुवारी १९५५ मध्ये साडेबारा लाख डॉलरचा चेक टपालाने सरळ जॉन्सन यांच्या घरी आला. साडेबारा लाख डॉलर, तेही १९५५ चे! ऑगस्टच्या सुरुवातीला विमान नेवाडाच्या वाळवंटात उडाले देखील. वीस विमानांसाठी सव्वादोन कोटी डॉलरचा अंदाज धरला होता. नफा धरून खर्च १ कोटी ९० लाखांच्या आत आला आणि उरलेले सरकारकडेच राहिले. सरकारी ठेक्यात अंदाजापेक्षा कमी खर्च झाल्याचे उदाहरण वाचकांपैकी किती जणांनी पाहिले आहे?

दुसरी हकीकत याहून मोठी. हवाईदलाने त्यांना द्रवरूप हायड्रोजनवर चालणारे विमान बनवायचे काम दिले होते. पैसा भरपूर, नवे तंत्र, नाव होण्याची पक्की संधी. काम करता करता जॉन्सन यांच्या लक्षात आले की हे विमान पाहिजे तेवढे लांब जाऊच शकणार नाही. त्यांनी स्वतः जाऊन सांगितले की हे काम बंद करा. काम बंद झाले. दुसऱ्याचा पैसा हातात आला की तो अमानत असतो, हे आपण मुलांना सांगतो. मोठ्या कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याने ते पाळलेले दिसले की बरे वाटते.

यू-२ ची पुढची कथा मात्र आपल्या उपखंडाशी जोडलेली आहे आणि ती साधीसोपी नाही. १ मे १९६० रोजी फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हे वैमानिक पेशावरहून यू-२ घेऊन निघाले आणि रशियाच्या स्वेर्दलोव्स्क शहराजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले. त्यांच्यावर मॉस्कोत खटला चालला. भारताचाही या विमानाशी संबंध आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर पंडित नेहरूंच्या सरकारने अमेरिकेला परवानगी दिली आणि मे १९६४ मध्ये ओडिशातील चारबातिया धावपट्टीवरून यू-२ ने उड्डाण केले. त्यानंतर तीनच दिवसांनी नेहरूंचे निधन झाले. ही माहिती पुढे अनेक दशके कागदांत बंद होती.

पॉवर्स १९६२ मध्ये कैदेतून सुटून घरी आले तेव्हा त्यांचे स्वागत थंड झाले. विमानासोबत तू का मेला नाहीस, असा अनेकांचा सूर होता. १९६३ मध्ये सीआयएने यू-२ च्या वैमानिकांना पदके दिली, पॉवर्स यांना वगळले. जॉन्सन यांनी त्यांना लॉकहीडमध्ये चाचणी वैमानिकाची नोकरी दिली. ते पदक पॉवर्स यांना १९६५ मध्ये मिळाले. १९७७ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात ते वारले. शौर्याबद्दलचे सिल्व्हर स्टार हे पदक त्यांच्या नावे २०१२ साली दिले गेले आणि ते नातवंडांनी घेतले. मान मिळायला माणसाला मरून पस्तीस वर्षे व्हावी लागली.

पहिला करंडक

कॉलियर करंडक हा अमेरिकेच्या विमानविद्येतला सर्वांत मानाचा पुरस्कार. जॉन्सन यांना तो दोनदा मिळाला. पहिला १९५८ सालचा, एफ-१०४ स्टारफायटर या लढाऊ विमानासाठी, इंजिन बनवणारे आणि विक्रम करणारे वैमानिक यांच्यासोबत वाटून.

या विमानाचा जन्म कोरियाच्या युद्धात झाला. जॉन्सन स्वतः तिथे गेले आणि वैमानिकांना विचारले, तुम्हाला काय हवे? ते म्हणाले, साधे, हलके, सर्वांत उंच आणि सर्वांत वेगाने चढणारे विमान. जॉन्सन यांनी अक्षरशः तेच दिले. लांब सुईसारखे अंग आणि इतके छोटे, पातळ पंख की जमिनीवर कुणाला कापू नयेत म्हणून त्यांच्या कडांना आवरणे घालावी लागत. मे १९५८ मध्ये या विमानाने ९१,२४३ फूट उंचीचा आणि ताशी सुमारे २,२६० किलोमीटर वेगाचा असे दोन्ही जागतिक विक्रम एकाच महिन्यात केले. टाळ्या पडल्या, करंडक मिळाला.

त्याच वर्षी २६ जुलैला आयव्हन किंचेलो हे अमेरिकेचे नावाजलेले वैमानिक याच विमानात मरण पावले. उड्डाण होताच इंजिन बंद पडले. सुरुवातीच्या एफ-१०४ मध्ये जीव वाचवणारी खुर्ची वर नव्हे, खाली फेकली जाई. जमिनीजवळ असताना तिचा काही उपयोग नव्हता. ही रचना नंतर बदलली.

पण खरा हिशेब जर्मनीत झाला. पश्चिम जर्मनीने हे विमान मोठ्या संख्येने घेतले, ९१६. निळ्या आकाशात उंच झेप घेण्यासाठी बनवलेल्या विमानावर जड यंत्रे आणि बॉम्ब लादले आणि युरोपच्या धुक्यात, ढगांखाली, जमिनीलगत उडवायला लावले. वैमानिकांचे शिक्षण अमेरिकेच्या ॲरिझोनात, जिथे बारा महिने स्वच्छ ऊन. परिणाम व्हायचा तोच झाला. एकूण २९२ विमाने पडली आणि ११६ वैमानिक गेले. जर्मनीत लोक या विमानाला विधवा करणारे विमान म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धातले नामवंत वैमानिक एरिख हार्टमान यांनी आपले हवाईदल या विमानासाठी तयार नाही असे आधीच सांगितले होते. त्यांचे कुणी ऐकले नाही. वरिष्ठांचा रोष ओढवून घेऊन त्यांना १९७० मध्ये मुदतीआधी निवृत्त व्हावे लागले. गेलेल्या वैमानिकांपैकी अनेकांच्या पत्नींनी लॉकहीडविरुद्ध दावे लावले.

आता उलट बाजू पाहा. स्पेनने हीच विमाने घेतली, २१. त्यांनी ती ज्यासाठी बनवली होती त्याच कामासाठी, चांगल्या हवेत, अनुभवी वैमानिकांच्या हाती दिली. एकही विमान अपघातात गेले नाही. एकच आराखडा, एकच कंपनी. (१९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या हवाईदलाकडेही ही विमाने होती, आणि जुन्या पिढीला त्यांचे नाव त्यामुळेच आठवत असेल.)

मग दोष कुणाचा? विमान बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? जॉन्सन यांचा आराखडा ज्या कामासाठी होता त्या कामात उत्तम होता. पण ज्या कामासाठी तो बनला नव्हता त्या कामासाठी तो विकला गेला, आणि विकणारी कंपनी त्यांचीच होती. १९७६ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीत उघड झाले की लॉकहीडने आपली विमाने खपवण्यासाठी देशोदेशी लाच दिली होती. नेदरलँड्सचे राजपुत्र बर्नहार्ड यांना लष्करी पदे सोडावी लागली. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली. लॉकहीडचे अध्यक्ष आणि त्यांचे सहकारी पायउतार झाले. परदेशांत लाच देणे गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेने १९७७ मध्ये केला, तो या प्रकरणानंतरच. या लाचेच्या व्यवहारांत जॉन्सन यांचे नाव नव्हते. पण ते संचालक मंडळावर होते, हेही विसरता येत नाही. आराखड्याच्या टेबलावर इतका कडक हिशेब ठेवणारा माणूस ज्या मंडळात बसत होता, त्याच मंडळाच्या नाकाखाली विक्रीखाते काय करत होते? अध्यक्षपद नाकारल्याने माणूस आपल्या कामाशी इमानी राहतो, हे खरे. त्याचबरोबर तो माल कुणाला आणि कसा विकला जातो हे ठरवण्याची ताकदही दुसऱ्यांच्या हाती जाते. तीन नकारांचे मी वर कौतुक केले आहे, आणि ते मागे घेत नाही. पण ११६ घरांच्या बाजूने पाहिले तर त्याचा रंग थोडा वेगळा दिसतो.

दुसरा करंडक

दुसरा कॉलियर करंडक १९६३ सालचा. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारे विमान. त्याच्या कुटुंबातले सर्वांत प्रसिद्ध नाव एसआर-७१, पण त्याआधी सीआयएसाठी ए-१२ बनले, ते १९६२ मध्ये उडाले. एवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने विमानाचे अंग इतके तापते की ॲल्युमिनियम टिकत नाही. म्हणून जवळजवळ सगळे विमान टायटॅनियमचे करायचे ठरले, आणि तो धातू पुरेसा मिळत होता रशियात, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरी! मधल्या कंपन्यांची नावे पुढे करून तो विकत आणला गेला.

या धातूने कारागिरांचा जीव काढला. एक उदाहरण पाहा. हिवाळ्यात जोडलेले भाग टिकत आणि उन्हाळ्यात जोडलेले लवकर खराब होत. धातू तोच, हातही तेच. शोधता शोधता कळले की उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून बरबँक शहराच्या पाण्यात क्लोरीन जास्त टाकत आणि भाग त्याच पाण्याने धुतले जात. तेव्हापासून धुण्यासाठी शुद्ध केलेले पाणी वापरू लागले. काही हत्यारांवरच्या कॅडमियमच्या मुलाम्यामुळे बोल्ट खराब होतात हेही सापडले आणि तसली हत्यारे पेट्यांतून हुडकून काढून फेकली. या विमानात एक तरी सोपी गोष्ट दाखवेल त्याला पन्नास डॉलर, अशी पैज जॉन्सन यांनी लावली होती. ते पैसे त्यांच्याच खिशात राहिले.

फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी असे विमान असल्याचे जाहीर केले, तेही ए-११ अशा वेगळ्याच नावाने. करंडकही त्याच नावावर दिला गेला. सीआयएचे खरे ए-१२ आणखी कित्येक वर्षे पडद्याआडच राहिले. त्याच १९६४ मध्ये केली जॉन्सन यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, मिळाला. त्या वर्षीच्या यादीत हेलन केलर आणि वॉल्ट डिस्ने यांचीही नावे होती. १९६५ चे राष्ट्रीय विज्ञान पदक, १९७४ मध्ये राष्ट्रीय विमानविद्या स्मारकात नाव, १९८३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा पदक, अशी यादी पुढेही लांब आहे.

पण या विमानाशी निगडित असलेला सर्वांत हलवून टाकणारा सन्मान जॉन्सन यांचा नाही. २६ जून १९६८ रोजी नेवाडाच्या त्या गुप्त तळावर ए-१२ च्या वैमानिकांना शौर्याची पदके दिली गेली. वृत्तपत्रवाले नाहीत, पाहुणे नाहीत. वैमानिकांच्या बायकांना मात्र बोलावले होते, आणि आपले नवरे इतकी वर्षे काय काम करत होते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्यांतल्या एकीचा नवरा, जॅक वीक्स, तीन आठवड्यांपूर्वी फिलिपिन्सजवळच्या समुद्रावर विमानासह नाहीसा झाला होता. त्याचे पदक तिने घेतले. नवऱ्याच्या कामाची ओळख आणि त्याची निशाणी एकाच दिवशी हाती पडलेल्या त्या बाईच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करून पाहावी. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ती थोडीफार करता येईल.

एसआर-७१ ने १ सप्टेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क ते लंडन अंतर दोन तासांहून कमी वेळात कापले. शत्रूला ते कधी पाडता आले नाही. अपघातांत मात्र ३२ पैकी १२ विमाने गेली.

पंचवीस सेंट

घरी जॉन्सन यांनी बरेच सोसले. पहिली पत्नी अल्थिया लॉकहीडच्याच हिशेब खात्यात होती. लग्नाच्या वेळी तिचा पगार त्यांच्याहून जास्त होता, हे ते आवडीने सांगत. ती १९६९ मध्ये गेली. दुसरी पत्नी मेरीएलेन मधुमेहाने आजारी राहून १९८० मध्ये वारली. त्यानंतर तिच्या मैत्रिणीशी, नॅन्सीशी, त्यांनी लग्न केले. मूल झाले नाही. १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच असे दिले की मला माझ्या वाट्यापेक्षा जास्त मिळाले. २१ डिसेंबर १९९० रोजी ते वारले.

निवृत्त होताना त्यांनी आपली गादी बेन रिच यांच्याकडे सोपवली. रिच रडारला न दिसणाऱ्या विमानाच्या मागे लागले होते. आकार विचित्र, कोनाकोनांचा, जॉन्सन यांच्या डोळ्यांना न पटणारा. हवेचा प्रवाह ज्यांना डोळ्यांनी दिसतो असे म्हणत, त्या माणसाने हे उडणार नाही असेच म्हटले. जॉन्सन यांची जुनी सवय होती, मतभेद झाला की पंचवीस सेंटची पैज लावायची, आणि ते बहुतेक वेळा जिंकत. या वेळीही पैज लागली, नमुना रडारवर किती दिसेल यावर. चाचणी झाली, जॉन्सन हरले. त्यांनी नाणे काढून रिच यांच्या हातात दिले आणि बजावले की विमान उडेपर्यंत खर्च करू नकोस.

ते विमान उडाले. एफ-११७ नावाने ते हवाईदलात गेले आणि १९८९ चा कॉलियर करंडक बेन रिच आणि त्यांच्या लोकांना मिळाला.